विश्लेषण : टॉवर बंद, इंटरनेट ठप्प, तरीही ई-मेल जातो कसा? रेडिओ आणि संगणक यांची जोडणी कुठे अडते?

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमान-निकोबारचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला. त्या वेळी हौशी रेडिओ मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम रेडिओवरून निरोप पोहोचवले. हॅम रेडिओवर बोलून निरोप देणे हे चिकाटीचे काम असते. नाव एकेक अक्षर सुटे करून सांगायचे, पलीकडच्याने ते कागदावर उतरवायचे, पुन्हा वाचून दाखवायचे. पन्नास नावांची यादी असेल तर अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि तरी एखादे आडनाव चुकतेच.

हेच काम संगणकावर सोपवले तर? मजकूर संगणकाने द्यायचा, हवेतून रेडिओने न्यायचा आणि पलीकडच्या संगणकाने अक्षरन् अक्षर तपासून घ्यायचा. याला ‘पॅकेट रेडिओ’ म्हणतात. तंत्र जुने आहे, सामान आज काही हजारांत जमते. अडचण येते ती रेडिओ आणि संगणक यांच्यामधल्या हातभर वायरीत आणि तिच्या मागच्या सेटिंगमध्ये.

पॅकेट रेडिओ म्हणजे नेमके काय?

मजकुराचे छोटे तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे कॉलसाइन म्हणजे परवान्यावरचे सांकेतिक नाव असते आणि शेवटी १६ बिटांचा तपासणी आकडा. घेणारा संगणक तोच आकडा स्वतः काढून पाहतो. जुळला नाही तर तुकडा गुपचूप फेकून देतो. दोन स्टेशनांनी रीतसर ‘कनेक्शन’ केलेले असेल तर रजिस्टर पोस्टासारखी पोहोच परत येते. ती आली नाही की पाठवणारा तोच तुकडा पुन्हा पाठवतो. त्यामुळे मजकूर एक तर बरोबर पोहोचतो किंवा पोहोचतच नाही.

रेडिओवरून असे तुकडे पाठवणारे अलोहानेट हे जाळे नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूने हवाई विद्यापीठात १९७१ मध्ये सुरू केले. हौशी रेडिओवाल्यांचे पहिले प्रयोग १९७८ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये झाले. पुढे टेलिफोन जगतातल्या एक्स.२५ या नियमावलीत कॉलसाइनची सोय करून एएक्स.२५ ही नियमावली तयार झाली. १९८४ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि आजही हवेतला कारभार बव्हंशी तिच्यावरच चालतो.

रेडिओला संगणकाची भाषा कळते कशी?

कळत नाही! साध्या वॉकीटॉकीला फक्त आवाज कळतो. म्हणून शून्य आणि एक यांचे आवाजात रूपांतर करतात. १२०० आणि २२०० हर्ट्झ असे दोन सूर, सेकंदाला १२०० बिट. ऐकणाऱ्याला ती कर्कश खरखर वाटते. हा आवाज माइकच्या जागी द्यायचा, स्पीकरचा आवाज परत घ्यायचा आणि बोलण्याचे बटण, म्हणजे पीटीटी, योग्य क्षणी दाबून सोडायचे. ही तीन कामे झाली की जोडणी झाली.

सुरुवातीला ती टीएनसी नावाची डबी करत असे. अमेरिकेतल्या टक्सन शहरात जमलेल्या हौशी अभियंत्यांच्या टीएपीआर या संस्थेने १९८५ मध्ये टीएनसी-२ आणली. तिच्यात झेड-८० हा प्रोसेसर होता. म्हणजे डबी स्वतःच एक छोटा संगणक होती. घरच्या संगणकाचे काम सिरियल केबलने तिला आज्ञा टाइप करून देणे, एवढेच.

पण डबीची हीच हुशारी पुढे आड आली. फिल कार्न या अभियंत्याने इंटरनेटची टीसीपी/आयपी भाषा घरगुती संगणकावर आणून ती रेडिओवर चालवली. त्यासाठी डबीने मध्ये डोके चालवू नये, अशी गरज होती. त्यातून ‘किस’ हा प्रकार आला. नावाचा मथितार्थ, ‘सोपे ठेव रे बाबा’. डबीने आवाजाचे बिट करायचे, तपासणी आकडा जुळवायचा आणि तुकडा जसाच्या तसा संगणकाकडे सरकवायचा. तुकडा कुठे सुरू झाला, कुठे संपला हे सांगायला १९२ या किमतीचा एक बाइट. बाकी सगळे संगणक पाहील.

एकदा सगळे संगणकावर आल्यावर डबीचीही गरज उरली नाही. आज यूएसबी साउंड कार्ड, रास्पबेरी पाय आणि डायर वुल्फ हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागते. डायर वुल्फ तेच ‘किस’ तुकडे नेटवर्कच्या ८००१ क्रमांकाच्या पोर्टवर देतो. म्हणजे रेडिओ गच्चीवर, लॅपटॉप तळमजल्यावर आणि मध्ये घरचे वायफाय, असेही चालते.

मग चुकते कुठे?

पहिली चूक आवाजाच्या पातळीची. नवशिका साउंड कार्डाचा आवाज पूर्ण वाढवतो, कारण ‘जोरात म्हणजे लांब’ असे वाटते. प्रत्यक्षात सूर फाटतात आणि शेजारच्या स्टेशनलाही एक तुकडा धड वाचता येत नाही. आवाज कमी केला की तोच रेडिओ, तोच अँटेना व्यवस्थित चालतो.

दुसरी चूक घाईची. बटण दाबल्यावर रेडिओला पूर्ण ताकदीने हवेत यायला आणि समोरच्या रेडिओचा आवाज उघडायला क्षणभर लागतो. म्हणून मजकुराआधी साधारण ३०० मिलिसेकंद थांबतात. ही वेळ कमी ठेवली तर तुकड्याचे डोकेच कापले जाते, आणि डोक्यातच पत्ता असतो.

तिसरी अडचण सेटिंगची नाही, डोंगराची आहे. समजा, तुकडे पुढे ढकलणारे स्टेशन सिंहगडासारख्या उंच जागी आहे. एक जण पुण्यात, दुसरा भोरकडच्या खोऱ्यात. गडाला दोघेही ऐकू येतात, पण त्यांना एकमेकांचा पत्ता नाही. ‘आधी ऐका, शांत असेल तरच बोला’ हा नियम दोघेही पाळतात, दोघांनाही शांतता वाटते, दोघेही एकदम बोलतात आणि गडावर नुसती खिचडी पोहोचते. प्रत्येकाने वाटेल तेव्हा बोलायचे ठरवले, तर वाहिनीच्या क्षमतेचा जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपास उपयोग होतो, हे अलोहानेटच्या काळातच गणिताने दाखवले गेले होते. आपत्तीत नेमके सगळे एकदम बोलू लागतात. त्यावर जास्त शक्तीचा रेडिओ हा उपाय नाही; कमी आणि छोटे संदेश हाच उपाय आहे.

चौथी चूक हसू आणणारी, पण महागात पडणारी. आवाज आला की आपोआप बटण दाबणारी सोय काही जण वापरतात. मग विंडोजमध्ये ई-मेल आल्याचा ‘टिंग’ वाजतो आणि तोही हवेत जातो. लिनक्सवर रेडिओला नेटवर्क कार्डासारखे जोडले, की घरातला प्रिंटर शोधणाऱ्या सेवा तिथेही हाका मारू लागतात. कोणी काही टाइप केलेले नसते, पण दर थोड्या वेळाने ट्रान्समीटर चालू होतो. त्या सेवा रेडिओपुरत्या बंद कराव्या लागतात.

इंटरनेटला जोडल्यावर जबाबदारी कोणाची?

जोडणारे पूल बरेच आहेत. बॉब ब्रुनिंगा यांच्या एपीआरएस पद्धतीत वाहनांची ठिकाणे, हवामानाच्या नोंदी आणि छोटे संदेश हवेत सोडतात. ‘आयगेट’ स्टेशने ते ऐकून इंटरनेटवर टाकतात. विनलिंकमध्ये थेट ई-मेल जातो. आपत्तीग्रस्त भागातल्या रेडिओने इंटरनेट शाबूत असलेल्या भागातले स्टेशन गाठले, की पुढे तो मेल कोणत्याही साध्या पत्त्यावर पोहोचतो. हौशी रेडिओसाठी इंटरनेट पत्त्यांचा स्वतंत्र साठाही आहे. ४४ ने सुरू होणारे सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते १९८१ मध्ये हँक मॅग्नुस्की यांनी फुकट मिळवले होते. त्यातले सुमारे ४२ लाख २०१९ मध्ये ॲमेझॉनला १० कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. या विक्रीवरून हौशींमध्ये बरीच वादावादीही झाली.

हवेतून इंटरनेटकडे जाणे सोपे. उलट दिशा धोक्याची. इंटरनेटवर लाखो तुकडे वाहत असतात आणि हवेत जागा सेकंदाला जेमतेम एका तुकड्याची. म्हणून आयगेटवर गाळणी लावतात आणि जवळच्या स्टेशनसाठी असलेले संदेशच हवेत सोडतात. गाळणी विसरली तर आसपासच्या सगळ्यांची वाहिनी एक जण तुंबवून टाकतो. शिवाय जे हवेत गेले ते परवानाधारकाच्या कॉलसाइनखाली गेले. ‘सॉफ्टवेअरने आपोआप पाठवले’ ही सबब तिथे लंगडी पडते.

भारतात हा परवाना दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडून, परीक्षा दिल्यावर मिळतो. कॉलसाइन ‘व्हीयू’ने सुरू होते आणि पॅकेटसाठी सोयीचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा हौशींना खुला आहे. हौशी रेडिओ पैसे कमावण्यासाठी वापरता येत नाही. देशादेशांतल्या हौशी संभाषणात अर्थ लपवणारी सांकेतिक भाषा आंतरराष्ट्रीय नियमांनीच वर्ज्य आहे. म्हणजे व्हॉट्सॲपसारखे कुलूप इथे नाही. जखमीचे नाव, आजार, पत्ता पाठवताना तो परिसरातला कोणीही वाचू शकतो हे धरूनच लिहावे लागते. मदत शिबिरात बसलेल्या ऑपरेटरला हे आधी सांगितलेले असले पाहिजे; ऐन वेळी कोणाला सुचत नाही.

किती मजकूर जातो?

शंभर बाइटचा तुकडा, आधीची थांबण्याची वेळ धरून, साधारण एका सेकंदात जातो. मोबाइलवरचा २०० केबीचा फोटो पाठवायचा म्हटले तर एकही तुकडा न हरवता किमान २२ मिनिटे, आणि तेवढा वेळ बाकी सगळे गप्प. म्हणून फोटो नाही, मजकूरच.

त्यातही मराठीचा एक पेच आहे. एपीआरएसच्या एका संदेशात मूळ नियमाप्रमाणे ६७ इंग्रजी अक्षरे मावतात. देवनागरीतले प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रासुद्धा, संगणकाच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेते. ‘मदत हवी’ देवनागरीत लिहिले तर १९ बाइट होतात, रोमन लिपीत १०. शिवाय पलीकडच्या जुन्या टीएनसीला किंवा वॉकीटॉकीच्या छोट्या पडद्याला देवनागरी दाखवता येईलच असे नाही. तिथे चौकोन उमटतात. म्हणून संदेश मराठीत असला तरी तो बहुधा रोमन लिपीतच टाइप करावा लागतो.