साथ, संशय आणि घरातील वृद्ध

आजाराचे कारण कळले नाही की माणूस दोषी शोधू लागतो, आणि बोट बहुधा एकाकी, वृद्ध किंवा गरीब माणसाकडे वळते. युरोपात प्लेगच्या साथीत निरपराधांना साथ पसरवणारे ठरवून जाळण्यात आले. इंग्लंडमधील ईम या खेड्याने मात्र १६६६ साली स्वतःच सीमा बंद करून शेजारची गावे वाचवण्याचा मार्ग निवडला.

आपल्याकडे सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता. परंतु उंदरांवरील पिसवा तो माणसापर्यंत पोहोचवतात, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये दाखवले. दरम्यान अफवांना ऊत आला. कोणी देवीचा कोप म्हटले, कोणी रुग्णालयातच माणसे मारतात असे म्हटले. अशा वेळी हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

हे सारे जुने झाले, असे मानू नका. मार्च २०२४ मध्ये आपल्याच मुरबाड तालुक्यात सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांना करणीच्या संशयावरून निखाऱ्यांवर नाचवण्यात आले.

भातसानगर परिसरात पावसाळ्यात अनवाणी पायांनी चिखलात काम करावे लागते. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. एकाच घरातील दोघे-तिघे तापाने आडवे झाले, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल किंवा पिवळे दिसू लागले, तर तो करणीचा नव्हे, जंतूचा प्रताप असू शकतो. वेळेवर दिलेल्या प्रतिजैविकांनी तो बहुधा बरा होतो.

वृद्धांची गोष्ट अधिक नाजूक आहे. आजी रात्री पुटपुटतात, नसलेली माणसे पाहतात, घरच्यांना ओळखत नाहीत. मग कोणी ‘बाहेरचे’ म्हणतो, तर कोणी त्यांनाच चेटकीण ठरवतो. हा बदल काही तासांत वा दिवसांत झाला असेल, तर लघवीतील किंवा छातीतील जंतुसंसर्ग, रक्तातील साखर वा सोडियम कमी होणे, किंवा एखादे नवे औषध यांचा संशय धरा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. चालू असलेली सर्व औषधे सोबत न्या. बदल महिनोन्महिने हळूहळू होत असेल, तर स्मृतिभ्रंशाची तपासणी करून घ्या. दरम्यान खोलीत मंद दिवा ठेवा, चष्मा व श्रवणयंत्र हाताशी द्या, वाद घालू नका. गंभीर प्रसंगी १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

कोणाला भुताळी वा चेटकीण ठरवून छळणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा असून त्यास सहा महिने ते सात वर्षे कारावासाची शिक्षा आहे. असे काही घडत असल्यास ११२ वर पोलिसांना कळवा.

गावात तापाची साथ आली, तर पहिला प्रश्न ‘कोणी केले?’ हा नसावा; ‘कशाने झाले?’ हा असावा. आणि ज्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते, त्या एकट्या वृद्धांच्या दारी त्या दिवसांत आवर्जून जाऊन या.