गरीला कुर्ली लावताना

मागच्या वेळी आम्ही तिसऱ्यांवर बोललो, तेव्हा एका ताईंचा निरोप आला, "कोळंबी परवडत नाही, गरीला लावू काय?" आम्ही कर्लीच्या खाडीकाठच्या बाया. आमचं उत्तर, कुर्ली लावा. पण कुठली, ते शेवटपर्यंत ऐका.

कोळंबी मऊ. बारके मासे ती टोचून टोचून संपवतात आणि गरी रिकामी वर येते. कुर्लीचं कवच त्यांना फुटत नाही. तांबोशी, गोबरा, पालू यांना मात्र ती फार आवडते. पालूच्या तोंडात तर कवच फोडायला दाढाच असतात. मासा आधी ती चावतो, मग गिळतो. म्हणून पहिला झटका बसला की ओढायची घाई नको. दोरी ताणून पळू लागली की मग ओढा.

ओहोटीला खडपात दगड उलटले की दोन बोटं रुंदीच्या कुर्ल्या मिळतात. दगड पुन्हा होता तसा ठेवा, त्याखाली पिलं असतात. डेंगे मोडून टाका, नाहीतर ती तळाशी कपार धरून बसते आणि गरी अडकते. गरी मागच्या पायाच्या खोबणीतून घालून टोक बाहेर काढा. मधोमध टोचली तर लगेच मरते. नुकतीच कात टाकलेली मऊ कुर्ली मिळाली तर दोऱ्याने बांधून लावा, तिच्यासारखं आमिष नाही. आणि बादलीभर पाण्यात कोंबू नका, गुदमरतात. ओल्या गोणपाटात सावलीला ठेवा.

आता कुठली नको ते. कांदळवनातल्या चिखलातल्या मोठ्या कुर्लीचं पिल्लू गरीला लावू नका. आम्ही लावली आहेत, टोपल्याच्या टोपल्या. पुढे आमच्या गटाने पिंजऱ्यात कुर्ल्या वाढवायला घेतल्या, तेव्हा तसल्याच पिलांसाठी पैसे मोजावे लागले. त्या दिवशी हिशेबाची वही उघडी होती आणि सगळ्या गप्प. आम्ही फुकट मिळालेलं बीज एका वेळच्या कालवणासाठी घालवलं होतं. घरच्या पुरुषांना सांगितलं तर ते हसले. पिंजऱ्यातली कुर्ली विकल्यावर हसणं थांबलं, ते वेगळं.

ओळख सोपी आहे. शेवटचे दोन पाय वल्ह्यासारखे चपटे असतील तर परत सोडा. खडपातल्या कुर्लीचे सगळे पाय टोकदार असतात.

आणखी एक. प्रत्येक कुर्ली उलटी करून बघा. पोटावरचं झाकण नराचं अरुंद, मादीचं रुंद. त्या झाकणाखाली केशरी किंवा काळपट अंड्यांचा घोस दिसला तर जात कुठलीही असो, तिला गरी नको. सोडताना पाण्याच्या कडेला, दगडाच्या आडोशाला सोडा. उघड्या चिखलावर बगळा टपलेलाच असतो.