पुण्यात गाडीला मागचा छुपा विंच बसवून घेताना



पावसाळ्यात आपल्या काळ्या रानातल्या पाणंदीची काय दशा होते, हे आपणांस सांगायला नको. दिवसा गाडी रुतली तर शेजारचा ट्रॅक्टर येतो. पण रात्री वस्तीवरून आजारी माणूस घेऊन निघालेली जीप मध्येच बसली तर हाक मारायची कोणाला? या गरजेपोटी काही सभासद, साखर संकुलात किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये कामाला गेले म्हणजे, पुण्यातल्या गॅरेजांत विंचची चौकशी करतात. खर्च मोठा आहे आणि चुकीचा बसवला तर जिवाशी गाठ आहे. म्हणून ही माहिती देत आहोत.

गाडी चांगली असली म्हणजे विंच कशाला, असे काहीजण म्हणतात. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोची, गुरखा गाडी घ्या. तिचे पुढचे-मागचे दोन्ही डिफरन्शियल लॉक करता येतात, त्यामुळे एक चाक घसरले तरी दुसरे ओढते. पण गाडीचे पोट एकदा चिखलावर टेकले की चाके नुसतीच फिरतात. मग बाहेरूनच ओढ लागते.

ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना विंच लगेच समजेल. बैलांच्या जागी बॅटरीवर चालणारी मोटर, नाड्याच्या जागी तारेचा किंवा सिंथेटिक दोर, आणि तो गुंडाळायला ड्रम. सोंदूर जसा कण्यावरून सरकायचा, तसा हा दोर रुळांमधून बाहेर येतो. दोर झाडाला बांधायचा आणि गाडीने स्वतःलाच ओढून काढायचे.

आता मागेच का? बहुतेक लोक विंच पुढे लावतात. परंतु गाडी चिखलात शिरते ती तोंडाने. पुढे आणखी चिखल असतो, पक्की जमीन मागे राहिलेली असते. आल्या चाकोरीने मागे निघणे हाच बहुधा जवळचा रस्ता.

आणि छुपा कशासाठी? बंपरच्या बाहेर लावलेला विंच ओढ्यातून चढताना जमिनीला घासतो आणि गाडीची लांबीही वाढवतो. छुपा विंच बंपरच्या आत, चासीच्या दोन लांब चॅनेलांच्या मध्ये बसतो. बाहेर दिसतात ते फक्त रूळ आणि हूक.

पहिली गोष्ट ताकदीची. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या निदान दीडपट ओढीचा विंच घ्यावा. गाडी २५०० किलोची धरली तर ३७५० किलो. मात्र ही ओढ ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. जितके थर जास्त गुंडाळलेले, तितकी ओढ कमी. म्हणून शक्य तेवढा दोर बाहेर काढून ओढावे, पण तारेच्या दोराचे निदान ५ वेढे ड्रमवर राहू द्यावेत, सिंथेटिक दोराचे त्याहून जास्त.

एवढी ओढ झेलणार कोण? बंपर नव्हे, चासी. जाड पोलादी प्लेट दोन्ही चॅनेलांना उच्च प्रतीच्या बोल्टांनी जोडून घ्यावी. मेकॅनिक ‘इथे थोडं वेल्डिंग मारतो’ म्हणाला तर नको म्हणा. चासी तापवली की तिचा कस जातो. जागा होत नाही म्हणून कंपनीचा आडवा मेंबर कापू देऊ नये. डिझेलची टाकी आणि सायलेन्सर यांपासून विंच दूर हवा. सिंथेटिक दोर उष्णतेने वितळतो.

दुसरी गोष्ट विजेची. १२ व्होल्टचा विंच पूर्ण भारावर सुमारे ४०० अँपिअर करंट घेतो. बॅटरी पुढे आणि विंच मागे, म्हणजे केबल लांब पडते. ती बारीक असेल तर तापते आणि विंचला ताकद मिळत नाही. जाड केबल, तीही जाण्याची आणि येण्याची दोन्ही, घासणार नाही अशा नळीतून न्यावी. बॅटरीजवळ तोडस्विच हवाच. ओढताना इंजिन चालू ठेवावे आणि मध्ये मध्ये मोटरला विसावा द्यावा.

तिसरी गोष्ट छुपेपणाचीच. ड्रम मोकळा करण्याच्या दांड्यापर्यंत हात पोहोचलाच पाहिजे. अंधारात, चिखलात, बंपर खोलून दांडा शोधणार का? ड्रमही बाहेरून दिसायला हवा, नाहीतर दोर एका बाजूला ढीग होऊन बसतो आणि तुटतो. मागची चाके सगळा चिखल विंचवरच उडवतात. महिन्यातून एकदा धुऊन, दोर बाहेर काढून पुन्हा गुंडाळावा.

वापरताना जिवाची काळजी पहिली. ताणलेला तारेचा दोर तुटला तर चाबकासारखा उलटतो, पाय तोडतो, जीवही घेतो. दोरावर मध्यावर ओले गोणपाट टाकावे. बघ्यांना दोराच्या लांबीहून लांब उभे करावे. दोर ओलांडायचा नाही, कातडी हातमोज्यांशिवाय धरायचा नाही. झाडाला रुंद पट्टा बांधावा. दोर थेट गुंडाळला तर साल कापली जाते. बांधावर झाड नसेल तर खड्डा खणून स्टेपनी आडवी पुरावी आणि तिला पट्टा बांधावा.

ओढ कमी पडली तर कप्पी वापरावी. मोटेचे चाक बैलांची ताकद वाढवत नव्हते, दिशा तेवढी बदलत होते. पण कप्पी झाडाला बांधून दोराचे टोक पुन्हा गाडीच्याच हुकाला आणले, तर दोन्ही दोर गाडीलाच ओढतात. ओढ जवळजवळ दुप्पट, वेग निम्मा. झाडावरचा भारही दुप्पट होतो, तेव्हा झाड पाहून निवडा. आणि आठ-दहा टन ऊस भरलेली ट्रॉली या विंचला लावू नये. ते त्याचे काम नाही.

शेवटी कायद्याचे. गाड्यांच्या तपासण्या करणारी एआरएआय संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. गाडीला मंजुरी मिळते ती कंपनीने तपासून घेतलेल्या रूपाला. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करू देत नाही. २०१७च्या डिसेंबरमध्ये केंद्राने बाहेरून लावलेल्या क्रॅश गार्डवर कारवाई करण्यास याच कलमाखाली राज्यांना सांगितले होते. विंच छुपा असला तरी कायद्याला तो दिसतोच. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी आपल्या आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे. नाहीतर अपघातानंतर विम्याचा दावा अडकण्याची भीती आहे.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी गॅरेजमध्येच दोर पूर्ण बाहेर काढा, हलक्या ताणाखाली व्यवस्थित गुंडाळून घ्या, मग गाडी थोड्या चढावर ओढून बघा. नंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळून घ्या. घरातल्या आणखी एका माणसाला हे सारे शिकवून ठेवा. रात्री आजारी पडणारे आपणही असू शकतो. मृगाच्या आधी हे झाले म्हणजे पावसात पाणंदीची धास्ती तेवढी कमी.