गोणपाटावर शिवलेला सवाल

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत लष्करानं सत्ता बळकावली. राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे त्याच दिवशी गेले, जनरल पिनोशेची राजवट सुरू झाली आणि घराघरांतून माणसं उचलली जाऊ लागली. कामगार पुढारी, विद्यार्थी, शेतमजूर, शिक्षक. त्यातले कित्येक परतलेच नाहीत. त्यांच्या आया, बायका, बहिणी तुरुंग, पोलीस चौक्या, इस्पितळं, शवागारं पालथी घालत राहिल्या. जिथं जातील तिथं एकच उत्तर मिळे: या नावाचा माणूस आमच्याकडे नाही.

सान्तियागोतल्या अशाच काही बायका १९७४ साली सुईदोरा घेऊन एकत्र बसल्या. गोणपाटावर चिंध्या जोडून त्यांनी जी चित्रं शिवली, ती आर्पियेरा या नावानं जगभर गेली. त्याला आता पन्नास वर्षं उलटून गेली आहेत. या काळाकडे वळून पाहताना, ‘कलेनं जखमा भरल्या’ असं जे सहज बोललं जातं, ते मला फार अपुरं वाटतं. टाक्यांनी या बायकांना सावरलं हे खरंच आहे. पण त्या टाक्यांच्या भोवती पैशांची, वकिलाची, एक वेळच्या जेवणाची आणि सोबतीची व्यवस्था कुणीतरी जिवावर उदार होऊन उभी केली होती. ती बाजूला काढली, तर उरतं ते फक्त भरतकाम.

कला अगदी शून्यातून आली नव्हती. थोर लोकगायिका व्हियोलेता पारा १९५९च्या सुमारास आजारपणात अंथरुणाला खिळली, तेव्हा तिनं गोणपाटावर लोकरीनं चित्रं भरायला घेतली. १९६४ साली पॅरिसमध्ये, लूव्रच्या वास्तूतल्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं. समुद्रकाठच्या इस्ला नेग्रा गावातल्या बायकाही लोकरीचं भरतकाम करत होत्या. सत्तापालटानंतर महिन्याभरातच कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि ज्यू मंडळींनी मिळून पीडितांच्या मदतीसाठी एक समिती काढली, आणि तिच्या आधारानं शिवणकामाचे हे गट सुरू झाले. १९७५च्या अखेरीस पिनोशेनं समिती बंद करायला लावली. कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी १९७६ला, थेट चर्चच्या छत्राखाली ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ ही संस्था उभी केली. कॅथेड्रलला लागूनच तिचं कार्यालय होतं. तिथं वकील बेपत्ता माणसांसाठी कोर्टात अर्जामागून अर्ज करत, आणि जवळजवळ सगळे फेटाळले जात. त्याच संस्थेकडून बायकांना गोणपाट आणि लोकर मिळे, आणि तयार झालेल्या आर्पियेरा तीच संस्था विकत घेई.

एक आर्पियेरा जवळून पाहू. आकार ताटाखाली घालायच्या रुमालापेक्षा थोडा मोठा. तळाला पिठाच्या नाहीतर बटाट्याच्या पोत्याचा तुकडा, कडेला लोकरीची क्रोशाची किनार. वर हमखास आंदीज पर्वताची रांग, बहुतेक वेळा सूर्यही. खाली पत्र्याची, फळकुटांची घरं. माणसं सपाट नसतात. चिंध्या भरून केलेल्या इवल्या बाहुल्या कापडातून वर उठून येतात, त्यांना लोकरीचे केस, अंगावर खरोखरीचे शिवलेले कपडे. काडेपेटीच्या काडीचा झाडू होतो. अशी पाच-सात माणसं एका मोठ्या हंड्याभोवती जमलेली असतात, कारण वस्तीत काम कुणालाच उरलेलं नाही आणि सगळ्यांचं मिळून एकत्र शिजतं आहे. किंवा कारखान्याच्या दारात रांग आणि दारावर जागा नसल्याची पाटी. किंवा हातात फोटो धरलेल्या बायका आणि वर एका ओळीचा सवाल: ते कुठं आहेत? काही आर्पियेरांच्या पाठीमागे एक छोटा खिसा असतो आणि त्यात शिवणारीनं आपल्या हातानं लिहिलेली चिठ्ठी.

सुरुवातीला कापड घरातलंच होतं. काहींनी बेपत्ता माणसाच्या सदऱ्याचे, पँटचे तुकडे वापरले. आपल्याकडे गेलेल्या आजीच्या लुगड्याची गोधडी अंगावर घेऊन झोपणारी घरं आहेत. त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की आजी गेली हे आपल्याला ठाऊक असतं. दहावा-तेरावा होतो, माणसं भेटायला येतात, रडता येतं. इथं प्रेत नाही म्हणून दफन नाही, दफन नाही म्हणून दुखवटाही नाही. शेजारीपाजारी भीतीपोटी टाळत. नवऱ्याचा सदरा कापणं म्हणजे तो आता येणार नाही हे कबूल करण्यासारखं. हे एकट्यानं घरात बसून कुणाच्यानं झालं असतं?

म्हणून गटाची बैठक मोलाची होती. बायका ठरल्या दिवशी जमत, काय शिवायचं यावर बोलत, एकमेकींचं काम बघून हे असं नको, तसं कर म्हणून सांगत. कुणी किती नग करायचे हेही ठरलेलं असे, म्हणजे मिळकत सगळ्यांत वाटली जाई. जिची ओढगस्त जास्त तिला सवलत. विक्रीतला थोडा भाग सामायिक गंगाजळीत जाई. मला या कहाणीतला सर्वांत मोठा भाग हाच वाटतो. दुःखाची वाटणी हिशेबासकट झाली होती.

१९७८च्या नोव्हेंबरात लोन्केन इथल्या चुन्याच्या जुन्या भट्ट्यांत पंधरा जणांचे अवशेष सापडले. १९७३ साली पकडून नेलेली ही माणसं. एकाच घरातला बाप आणि चार मुलगे त्यांत होते. पुढच्या सप्टेंबरात अंत्यविधीसाठी नातेवाईक चर्चमध्ये वाट बघत थांबले, आणि तिकडे अधिकाऱ्यांनी अवशेष परस्पर सामूहिक खड्ड्यात पुरून टाकले. यानंतर त्या भट्ट्या आर्पियेरांमध्ये येऊ लागल्या. सरकारनं जे पुरलं, ते बायकांनी कापडावर उघडं केलं.

हे कापड देशात उघडपणे विकता येत नव्हतं. परागंदा चिलियन माणसं आणि त्यांना साथ देणारे गट युरोप-अमेरिकेत ते विकत. खेळण्यातल्यासारखी ती रंगीत चित्रं बराच काळ कुणी गंभीरपणे घेतली नाहीत, हेच त्यांचं संरक्षण ठरलं. पुढे परदेशी निघालेली गाठोडी जप्त होऊ लागली आणि सरकारधार्जिण्या वृत्तपत्रांनी देशाची बदनामी म्हणून ओरड केली.

यातलं सगळंच उजळ नव्हतं. शिवणाऱ्यांपैकी पुष्कळ जणी बेपत्तांच्या नातेवाईक नव्हत्या. नवऱ्याचं काम सुटलं आणि घरात पोरं उपाशी, म्हणून आलेल्या वस्तीतल्या बायका होत्या. फार तिखट चित्र संस्थेकडूनच परत येण्याचे प्रसंगही घडत, कारण धाड पडली असती तर सगळंच बुडालं असतं. गिऱ्हाइकाला काय आवडेल याचा विचारही हळूहळू शिरला. यामुळे आर्पियेरांची किंमत कमी होते असं मला मुळीच वाटत नाही. भुकेपोटी शिवलेला टाकाही तितकाच खरा. १९८८च्या ५ ऑक्टोबरला जनतेनं कौल देऊन पिनोशेला नाकारलं, १९९०च्या मार्चमध्ये लोकनियुक्त सरकार आलं. मग परदेशातली मदत आटली, १९९२च्या अखेरीस विकारिया बंद झाली, आणि कित्येक गट मोडले. हुकूमशाही गेल्यावर ज्यांची मिळकत गेली त्या बायकांची दखल फार थोड्यांनी घेतली, याची खंत वाटते.

कला मात्र पुढे सरकली. ब्राझीलमध्ये धरणग्रस्तांच्या चळवळीतल्या बायकांनी २०१३पासून आर्पियेरा हाती घेतल्या: बुडालेली घरं, नदी, विस्थापनानंतर वाढलेला घरातला मार. नर्मदेकाठच्या नंदुरबारातल्या बुडीत गावांची आठवण ठेवणाऱ्याला ही चित्रं परकी वाटणार नाहीत.

सान्तियागोत २०१०मध्ये स्मृती आणि मानवी हक्कांचं संग्रहालय उघडलं. आर्पियेरा आता तिथं काचेमागे आहेत. पिनोशे २००६ साली वारला, एकाही गुन्ह्यात शिक्षा न होता. आणि ३० ऑगस्ट २०२३ला, सत्तापालटाच्या पन्नासाव्या वर्षी, राष्ट्राध्यक्ष गाब्रिएल बोरिक यांनी राष्ट्रीय शोध योजना जाहीर केली. सरकारी यादीत १,४६९ माणसं, तोवर ओळख पटलेली ३०७. इतकी वर्षं हा शोध घरच्यांच्या अंगावर टाकला होता. तो सरकारचं काम म्हणून लेखी मान्य झाला, तेव्हा पहिल्या बैठकींतल्या अनेक जणी हयात नव्हत्या. उरलेल्या १,१६२ जणांबद्दल विचारायचं बाकीच होतं.