शेकर कपाट घरच्या घरी (भाग ६) : खण

गेल्या भागापर्यंत कपाटाचा सांगाडा उभा राहिला. वरच्या अर्ध्या भागाला दार लागलं, खाली तीन रिकामे गाळे उरले. आज त्यांत खण बसवायचे आहेत. या कपाटाची खरी परीक्षा इथेच आहे. दार जरा कललं तर बिजागरी सरकवून सावरता येतं. खण एक तर सुरळीत सरकतो, नाही तर अडतो.

शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी खणांना फार जीव लावला होता. त्यांच्या पुढारी ॲन ली १७७४ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरहून आठ अनुयायांसह न्यूयॉर्कला आल्या आणि पुढच्या पन्नास वर्षांत या पंथाची गावं न्यू इंग्लंडपासून केंटकीपर्यंत पसरली. ब्रह्मचर्य आणि सामाईक मालकी हे त्यांचे दोन पाये. बंधू आणि भगिनी एकाच मोठ्या निवासात, पण वेगवेगळ्या बाजूंना राहत. शंभर माणसांचे कपडे, अंथरुणं, शिवणाचं सामान ठेवायचं कुठे? उत्तर भिंतींतच होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅनकॉक गावी १८३० साली बांधलेल्या विटांच्या निवासात ३६९ खण आहेत. न्यू हॅम्पशरमधल्या एनफिल्डच्या दगडी निवासात तर ८६०. खण भिंतीत बसवले की त्यांच्याखाली धूळ साचत नाही आणि झाडताना काही हलवावं लागत नाही. स्वच्छता ही त्यांच्या धर्माचाच भाग होती.

त्यांच्या १८४५ च्या नियमावलीत निव्वळ शोभेसाठीच्या बीडिंगला आणि कंगोऱ्यांना मनाई आहे. हा नियम सुताराला किती जड जातो, हे करवत हातात घेतल्यावरच कळतं. इतर शैलींत सांधा थोडा उघडा राहिला तर वरून एक पट्टी ठोकता येते. इथे झाकायला काही नाही. खणाचा दर्शनी भाग आणि त्याभोवतीची सारख्या रुंदीची बारीक फट, एवढंच डोळ्यांना दिसतं. म्हणून मी या भागाला घाई करू देणार नाही.

आपले गाळे वरून खाली १४०, १७० आणि २०० मिलिमीटर उंचीचे आहेत. जड सामान खाली, हलकं वर, आणि कपाट नजरेला स्थिर वाटतं. पण या चढत्या क्रमाला शेकरांचा कायदा समजू नका. त्यांच्या शिवणाच्या मेजांना काही खण समोर तर काही बाजूला असत, म्हणजे दोघी भगिनींना एकाच मेजावर काम करता यावं. गरज जशी, तसा खण. तुम्हाला चादरी ठेवायच्या असतील तर मधला खण मोठा करा, खुशाल.

आता लाकडाकडे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. त्याने ते रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. शेकर सुतार ज्या चेरीची कपाटं करत, तिची सपाट चिरलेली २०० मिलिमीटर रुंद फळी घ्या. लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी वाढला तर ती सुमारे २ मिलिमीटर फुगते. सागवान जरा शांत, तरी दीड मिलिमीटर धराच. खणाच्या दर्शनी फळीच्या रेषा आडव्या धावतात, म्हणजे ही सगळी वाढ उंचीत होते. त्यामुळे डाव्या-उजव्या फटीची काळजी नको. तिथे दोन्हीकडे अर्धा मिलिमीटर पुरे, वर्षभर तेवढाच राहतो. प्रश्न फक्त वरच्या फटीचा आहे.

मॅसॅच्युसेट्समध्ये उन्हाळा दमट आणि हिवाळ्यात लोखंडी शेगडीमुळे खोली कोरडीठाक. आपल्याकडे हेच चक्र उलटं फिरतं : मे कोरडा, ऑगस्ट ओला. नागपूरकडे हा फरक मोठा, कोकणच्या किनाऱ्यावर त्यामानाने कमी. तेव्हा हिशेब साधा ठेवा. भर पावसाळ्यात खण करत असाल तर वर अर्धा मिलिमीटर फट चालेल, कारण तो यापुढे आकसणारच आहे. एप्रिल-मेमध्ये करत असाल तर खालच्या मोठ्या खणाला २ मिलिमीटर सोडा. बघताना ती जास्त वाटेल. तरी सोडा.

दर्शनी फळी २० मिलिमीटर जाड, बाजू १२. बाजूंसाठी फळी निवडताना टोकाकडून बघा. वाढीच्या रेषा रुंद बाजूला काटकोनात उभ्या असतील ती घ्या. अशी फळी सपाट चिरलेल्या फळीच्या जवळपास निम्मीच हलते आणि वाकतही नाही. सांधे करायच्या आधीच प्रत्येक तुकडा आपापल्या गाळ्यात बसवून बघा. बाजू एकेकटी गाळ्यात सहज सरकली पाहिजे. दर्शनी फळी आधी घट्ट ठेवा. तिच्यावर शेवटचा रंधा खण जुळल्यावर मारायचा.

बाजू आणि दर्शनी भाग डोव्हटेलने जोडायचे. खण ओढताना सगळा ताण पुढच्या सांध्यावर येतो, म्हणून शेपटं बाजूच्या फळीत आणि खुंट्या दर्शनी फळीत. शेपटांचा उतार पाइनसारख्या मऊ लाकडात सहास एक, सागवानात आठास एक ठेवा. दर्शनी फळीत आरपार कापायचं नाही. पुढे ६ मिलिमीटर लाकूड शाबूत ठेवायचं, म्हणजे समोरून सांधा दिसत नाही. आधी शेपटं करवतीने कापा आणि मग त्यांचाच ठसा टोकदार सुरीने दर्शनी फळीवर उतरवा. पेन्सिलीची रेघ इथे जाड पडते. खुंट्यांमधलं लाकूड काढताना धारदार पटाशी हवी आणि घाव रेषेच्या अलीकडे हवा. रेषेवरची शेवटची साल हाताच्या दाबानेच काढावी.

तळाची खाच सर्वांत खालच्या शेपटाच्या हद्दीत आली पाहिजे, म्हणजे तिचं टोक सांध्यात झाकलं जातं. तळाच्या फळीच्या रेषा डावीकडून उजवीकडे धावू द्या. मागच्या फळीची खालची कड खाचेच्या वरच्या काठापर्यंतच ठेवली की तळ मागून आत सरकवता येतो आणि फुगला तर मागेच फुगतो. सरस फक्त पुढच्या कडेला लावायचा, मागे लांबट भोकातून एकच स्क्रू. खण ज्यांवर सरकतो त्या कपाटातल्या पट्ट्यांनाही हाच न्याय. त्या बाजूच्या फळीच्या रेषांना आडव्या जातात. पूर्ण लांबीवर सरस लावला तर दोन पावसाळ्यांत बाजूच्या फळीला तडा जाईल.

काही वाचकांनी विचारलं आहे की सरळ स्टीलचे चॅनेल का लावू नयेत. स्वयंपाकघरात जरूर लावा. इथे नको, कारण चॅनेलसाठी दोन्हीकडे साधारण १२-१२ मिलिमीटर जागा जाते, ती झाकायला दर्शनी फळी बाजूंच्या बाहेर काढावी लागते आणि ज्या रचनेवर आपण सहा आठवडे घालवले तीच बदलते. यंत्राबद्दल मात्र मनात अढी ठेवू नका. शेकर स्वतः पाण्यावर चालणाऱ्या करवती आणि रंधायंत्रं आनंदाने वापरत. फळ्या टेबल-सॉवर चिरा. हात सांध्यासाठी राखून ठेवा.

मुठी लाकडीच, लेथवर कातलेल्या. खणाच्या आतल्या बाजूला तेल लावू नका. बंद जागेत त्याचा वास कपड्यांना वर्षानुवर्षं येत राहतो. तिथे लाखेचा एक पातळ हात आणि सरकत्या कडांवर मेण, एवढंच.

खण तयार झाले की ते गाळ्यात घालून आठवडाभर तसेच राहू द्या आणि रोज एकदा उघडून बघा. कुठे अडत असेल तर तिथे लाकूड चकाकलेलं दिसेल. तेवढ्याच जागी रंध्याचा एक पातळ हात द्या. पुढच्या भागात कपाटाला जवसाचं तेल लावू, त्याआधी हे काम पूर्ण झालेलं असू द्या.