सुर्खाब आला का?

एखादा मुलगा उगाच तोरा मिरवू लागला, तर घरातली मोठी माणसे त्याला काय म्हणतात? "तुला काय सुर्खाबाचे पर लागले आहेत?" उर्दूतला हा वाक्प्रचार तुम्ही लहानपणापासून ऐकला असेल. कदाचित तो तुमच्यावरच वापरलाही गेला असेल! पण मुलांनो, तुम्ही सुर्खाब कधी पाहिला आहे का? पुष्कळांना वाटते, की सुर्खाब म्हणजे हुमासारखा गोष्टीतला पक्षी. तसे नाही. हुमा कोणी पाहिलेला नाही. सुर्खाब मात्र खराखुरा पक्षी आहे. पावसाळा संपला, की तो आपल्या मराठवाड्यात येतो आणि उन्हाळा लागेपर्यंत येथेच राहतो.

मराठीत त्याचे नाव चक्रवाक. एकाच पक्ष्याला दोन नावे कशी, असे विचारू नका. तुमच्या धारूरलाही जुन्या कागदपत्रांत फतेहाबाद असे दुसरे नाव आहेच की! गाव तेच, किल्ला तोच, नावे दोन. पक्ष्यांचेही तसेच आहे. उर्दूतला बगुला मराठीत बगळा होतो, टटीहरीची टिटवी होते. हुदहुद तर नावासकट आपल्याकडे आला आहे. मराठीत त्याला हुदहुद्या म्हणतात, कारण दोन्ही भाषांनी त्याच्या आवाजावरूनच नाव ठेवले. तेव्हा मराठीत पक्ष्यांची नावे शिकताना घाबरण्याचे कारण नाही. अर्धी नावे तुम्हांला आधीच येतात.

सुर्खाब बदकाच्याच जातीचा आहे, पण साध्या बदकापेक्षा मोठा. अंगाचा रंग पिकलेल्या संत्र्यासारखा, डोके फिकट बदामी, शेपूट काळी. नर आणि मादी बहुधा जोडीने राहतात. त्यांचा "आंग्, आंग्" असा आवाज पाण्यावरून दूरवर ऐकू येतो. बसलेला सुर्खाब सुंदर दिसतोच; पण त्याची खरी गंमत तो उडतो तेव्हा कळते. मिटलेल्या पंखात जे लपलेले असते, ते तेव्हा एकदम उघडे होते. पंखाचा पुढचा भाग शुभ्र पांढरा, टोके काळी आणि मध्ये हिरवी चमक! ज्या कोणी 'सुर्खाब के पर' हा वाक्प्रचार प्रथम वापरला, त्याने हा पक्षी उडताना पाहिला असणार, असे मला वाटते.

आता तुम्ही विचाराल, "तो आम्हांला कोठे दिसेल?"

धारूर बालाघाटाच्या डोंगरावर आहे. किल्ल्यातल्या जुन्या तळ्यांत व आसपासच्या पाझर तलावांत पावसाळ्यानंतर पाणी असते. पाझर तलाव म्हणजे ओढ्याला बांध घालून अडवलेले, जमिनीत मुरणारे पाणी. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात असे अनेक तलाव लोकांनी स्वतःच्या हातांनी खोदले. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांच्यापैकी कोणीतरी त्या कामावर माती वाहिली असेल. अशा लहान तळ्यांवर बगळे, ढोकरी, खंड्या, टिबुकली हे आपले बारमाही रहिवासी भेटतात. पाहण्याचा सराव तेथेच करावा. सुर्खाबाला मात्र मोठे, मोकळे पाणी लागते. घाट उतरून तेलगावमार्गे माजलगावला गेलात, तर सिंदफणा नदीवरचे मोठे धरण लागते. दुसऱ्या दिशेला केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा नदीचे धरण आहे. आणि पैठणचा नाथसागर तर पाणपक्ष्यांचे प्रसिद्ध ठिकाण आहे. गोदावरी अडवून केलेल्या या जलाशयाला १९८६ मध्ये जायकवाडी पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुर्खाब तेथे हिवाळ्यात येतो. पैठणहून निघालेला उजवा कालवा माजलगावच्या धरणापर्यंत येतो, म्हणजे पाण्याच्या नात्याने हे दोन जलाशय शेजारीच झाले. म्हणून माजलगावच्या काठावरही सुर्खाबाला शोधत जा.

हे पाहुणे एकदम येत नाहीत. सप्टेंबरमध्ये धोबी येतो. हा चिमणीएवढा सडपातळ पक्षी पाण्याच्या काठाने तुरुतुरु चालतो आणि शेपटी सारखी वरखाली आपटतो, जणू दगडावर कपडे धुतो आहे. मग विजेच्या तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा दिसू लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बदके उतरतात. तलवारीसारखी लांब शेपटी असलेले तलवार बदक, पसरट चोचीचा थापट्या आणि आपला सुर्खाब. सुर्खाबाचे घर दूर उत्तरेला आहे. लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच प्रदेशांत तो उन्हाळ्यात अंडी घालतो. तेथे हिवाळ्यात तळी गोठतात. पाणी दगडासारखे झाले, गवत बर्फाखाली गेले, की खायचे काय? म्हणून तो दक्षिणेकडे येतो. राजहंसाचीही हीच वाट. हिमालय ओलांडताना तो कधी कधी ७,००० मीटरपेक्षाही अधिक उंचीवरून उडतो. एवढ्या उंचीवर माणसाला धाप लागते, चार पावले चालणे कठीण होते.

पण आपल्याकडेच का यायचे? येथे काय ठेवले आहे?

याचे उत्तर धरणाच्या भिंतीजवळ सापडणार नाही. तेथे पाणी खोल असते आणि खोल पाण्यात थोड्याच पक्ष्यांचे पोट भरते. उत्तर आहे दुसऱ्या टोकाला, जेथे पाणी घोट्याएवढे होते आणि हळूहळू चिखलात संपते. पावसाळ्यानंतर कालव्यांना पाणी सुटते, जलाशय उतरू लागतो आणि रोज थोडा थोडा नवा चिखल उघडा पडतो. त्या चिखलात किडे, गोगलगायी, बिया, कोवळी मुळे असतात. आपल्या गावच्या आठवडी बाजारासारखेच हे आहे. प्रत्येकाची जागा ठरलेली. धोबी कोरड्या काठावर. टिटवी ओल्या मातीवर. लांब लाल पायांचा शेकाट्या जरा पुढे पाण्यात उभा राहतो आणि सुईसारख्या चोचीने किडे टिपतो. चमच्याची चोच खरोखर चमच्यासारखी असते. तो ती पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवत चालतो. थापट्या पसरट चोचीने पाणी गाळून घेतो. त्याच्या पलीकडे काळा वारकरी पोहतो. त्याच्या कपाळावर पांढरा टिळा असतो. आणि अगदी खोल पाण्यात पाणकावळा बुडी मारून मासा आणतो, मग खडकावर बसून पंख वाळत घालतो. कोणाचे पाय किती लांब आणि चोच कशी, एवढे पाहिले, की तो कोठे उभा राहील हे पुस्तक न उघडता सांगता येते. करून पाहा.

सुर्खाब या बाजारात काठावरचा गिऱ्हाईक. त्याला कोवळे गवत, अंकुर, धान्य आवडते. आणि येथे एक अडचण उभी राहते. पाणी मागे सरकले, की त्या ओल्या गाळात शेतकरी हरभरा, गहू पेरतात. या पेरणीला गाळपेर म्हणतात. पाहुण्यांना तो कोवळा हरभरा गोड लागतो! शेतकऱ्याने गोफण फिरवून पाखरे हाकलली, तर त्याला दोष देता येणार नाही. त्याचे पोट त्या पिकावर आहे. पण बियांना विष लावून पक्षी मारणे, जाळी लावणे किंवा पकडून विकणे ही वेगळी गोष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा ठरतो. काठावरच्या शेतकऱ्याशी भांडू नका. त्याच्याशी बोला. कोणते पक्षी कधी आले, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

पक्ष्यांना पाहायला गेलो, की काहीतरी खाऊ घालावे असे सर्वांनाच वाटते. मुंबई-ठाण्याच्या खाडीत लोक होडीतून कुरव पक्ष्यांना शेव आणि गाठी टाकतात. पक्षी गर्दी करतात, फोटो चांगले येतात. पण तेल-मिठाचे पदार्थ हे त्यांचे अन्न नाही. उरलेला पाव तळ्यात कुजतो आणि पाणी खराब करतो. म्हणून तळ्यावर जाताना खाऊ स्वतःसाठी न्या, पक्ष्यांसाठी नको. याला एक प्रसिद्ध अपवाद आहे. राजस्थानात फलोदीजवळ खीचन नावाचे गाव आहे. तेथे हिवाळ्यात हजारो करकोचे येतात. उर्दूत ज्याला कुलंग म्हणतात, तोच हा पक्षी. गावकरी त्यांच्यासाठी रोज पहाटे एका कुंपण घातलेल्या जागेत धान्य पसरून ठेवतात. पण तेथे शिस्त आहे. धान्य त्यांच्या खाण्यातले, जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि माणसे दूर. २०२५ मध्ये खीचनचे नाव रामसर यादीत आले. रामसर हे इराणमधले शहर. तेथे १९७१ मध्ये जगातल्या पाणथळ जागा जपण्याचा करार झाला, म्हणून यादीला ते नाव मिळाले. महाराष्ट्रातून या यादीत पहिल्यांदा गेले ते नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर.

तुम्हांला खाऊ घालायचेच असेल, तर घराच्या गच्चीवर चिमण्यांसाठी मूठभर ज्वारी किंवा बाजरी ठेवा. शेजारी मातीच्या परळात पाणी ठेवा. ते भांडे रोज घासायला हवे, कारण घाणेरड्या भांड्यातून पक्ष्यांत रोग पसरतो. मेलेला पक्षी दिसला, तर त्याला हात लावू नका. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रात बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यातही मेलेले कावळे सापडले होते. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

आता पाहायचे कसे ते सांगतो. सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वांत चांगले. ऊन पाठीवर घ्या, म्हणजे पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतील. लाल-पिवळे भडक कपडे नकोत. शिक्षक किंवा घरातले मोठे माणूस बरोबर असू द्या आणि चिखलात उतरू नका. जलाशयाचा गाळ वरून कोरडा दिसतो, आत पाय रुततो. दुर्बीण नसली तरी चालते. वही मात्र हवी. तारीख, वेळ, जागा, पाणी किती आहे, कोणते पक्षी, किती. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा. त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत ठेवा. तेवढ्या जागा थव्यात किती बसतात, ते पाहा. सुरुवातीला चूक होते. मी पहिल्या थव्यात साठ बदके मोजली आणि माझ्या मित्राने नव्वद! आम्ही पुन्हा मोजली, तेव्हा दोघेही चुकलो होतो.

अशा वह्यांची किंमत पुढे कळते. सलीम अलींचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १८९६ मध्ये मुंबईत झाला. लहानपणीच आईवडील गेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी वाढवले. त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, एवढाच प्रश्न घेऊन तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि पुढे जन्मभर पक्ष्यांचाच झाला. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. त्या वेळी आपला बीड जिल्हा याच संस्थानात होता. नव्वद वर्षांपूर्वी कोणता पक्षी कोठे होता, हे आज आपल्याला अशा नोंदींमुळेच कळते. त्या वेळी माजलगावचे धरण नव्हते, नाथसागरही नव्हता. आणि धरणे असूनही पाणी असेलच असे नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या आधीच्या हिवाळ्यात आपल्या काठावर कोण उतरले, कोण उतरले नाही? तुमच्या गावातल्या कोणी तेव्हा वहीत लिहून ठेवले असते, तर आज सांगता आले असते.

सलीम अलींचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर. मराठीतले थोर वनलेखक मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर. महाराष्ट्रात २०२० पासून या दोन तारखांमधला आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. तुमची वही त्याच आठवड्यात सुरू करा, कारण सुर्खाब येण्याचे दिवसही तेच.

पहिल्या खेपेला तो दिसेलच असे नाही. दूर काठावर नारिंगी ठिपका दिसला, तर धावत जाऊ नका, टाळ्या वाजवू नका, खडा टाकू नका. जेथे आहात तेथेच बसा. अर्धा तास लागेल, कदाचित एक तास. मग तो आपल्या मनाने उडेल. तेव्हा पंखांकडे पाहा. आधी पांढरा, मग काळा, आणि ऊन चांगले असेल तर हिरवा.