बोटाखालची पट्टी आणि काळजाचा ठोका



आपल्या कार्यक्षेत्रातील किती तरी घरांची एक चूल गावात आणि दुसरी मुंबईत आहे. महिंद्रचे ट्रॅक्टर जिथे बनतात त्या कांदिवलीला, चारकोपच्या म्हाडा वसाहतीत नाहीतर ठाकूर कॉम्प्लेक्सात, कुणाचा मुलगा तर कुणाची लेक संसार मांडून आहे. ही मंडळी सणाला गावी येताना आता म्हाताऱ्या आईवडिलांसाठी एक नवीनच वस्तू आणू लागली आहेत. च्युइंगमच्या पाकिटाएवढी पट्टी. तिच्यावर दोन्ही हातांची बोटे टेकवायची, की अर्ध्या मिनिटात मोबाईलवर काळजाचा आलेख उमटतो. हे खरे औषधपाण्याचे काम की नुसता मुंबईचा खेळ, असे बरेच सभासद आम्हाला विचारतात. म्हणून हा लेख.

खेळ नव्हे. हॉलंडच्या आइंथोव्हेन या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी ईसीजीचे पहिले कामाचे यंत्र केले, तेव्हा ते शेकडो किलो वजनाचे होते आणि माणसाला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. त्याला 1924 साली नोबेल मिळाले. पट्टीचे तत्त्व तेच आहे. डाव्या आणि उजव्या हातामधला विजेचा बारीकसा फरक ती टिपते. अमेरिकेच्या डॉ. डेव्हिड अल्बर्ट यांच्या अलाइव्हकोर कंपनीच्या अशा यंत्राला तिथल्या सरकारी औषध खात्याने 2012 साली मान्यता दिली. आपल्याकडेही ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारे, मोबाईलवरून आलेख धाडणारे ईसीजी यंत्र तयार केले आहे. आणि ते तर पूर्ण 12 लीडचे.

आता ही पट्टी नेमके काय पकडते? विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन आठवा. घरात बसूनसुद्धा ठोक्यावरून आपल्याला कळायचे, की इंजिन ठीक चाललेय का मिस मारतेय. काळजाचेही तसेच. अधूनमधून एखादा ठोका चुकला तर बहुतेक वेळा घाबरण्याचे कारण नसते. पण ठोक्यांना ताळतंत्रच उरला नाही, एक लवकर, दोन उशिरा, परत तीन घाईने, तर डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. यात काळजाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. रक्त तिथे साचते, साचले की गाठ धरते, आणि ती गाठ सुटून मेंदूत गेली की अर्धांग. अशा माणसाला लकव्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. मोठी अडचण ही, की पुष्कळांना काही जाणवतच नाही. थोडा दम लागतो, थकवा येतो. म्हातारा म्हणतो, वयच झालं आता.

हे शहरी दुखणे आहे असे समजू नये. सहकारी दुधाच्या आणंद जिल्ह्यात 2015 साली सहा खेड्यांत 50 वर्षांवरच्या लोकांची अशीच मोबाईल यंत्राने तपासणी झाली. गावच्या आरोग्य कार्यकर्त्यांनीच ती केली, आणि शेकड्याला सुमारे 5 जणांच्या ठोक्यात हा दोष निघाला.

पण एक गोष्ट ठळकपणे सांगितलीच पाहिजे. ही पट्टी हार्ट अॅटॅक ओळखत नाही. ती काळजाकडे एकाच बाजूने पाहते. दवाखान्यातला 12 लीडचा ईसीजी सगळीकडून पाहतो. छातीत कळ आली, डावा हात भरून आला, दरदरून घाम फुटला आणि मोबाईल ‘नॉर्मल’ म्हणाला, म्हणून घरी बसाल तर जिवावर बेतेल. त्या वेळी पट्टी शोधायची नाही, 108 ला फोन लावायचा. तोंड वाकडे झाले, हातातला जोर गेला, बोबडी वळली, तरी हाच फोन. मग गळीत हंगाम असो नाहीतर घरातले लग्न.

वापरायची रीत सोपी आहे. पाच मिनिटे निवांत बसा. हात टेबलावर टेकवा, हलू नका, बोलू नका. उसात राबणाऱ्या हाताची कातडी राठ असते, तेव्हा बोटे थोडी ओली करा. मोबाईल चार्जिंगला लावून आलेख काढू नका. लाईनची वीज आलेखात घुसते आणि भलतेच नागमोडी काहीतरी दिसते. नुसत्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून नाडी सांगणारी अॅपे ईसीजी काढत नाहीत, त्यांच्या भरवशावर राहू नये. आणि पट्टी नसली तरी मनगटावर तीन बोटे ठेवून मिनिटभर नाडी बघता येते. ती सारखी अडखळत असेल तर ईसीजी काढून घ्यावा.

यंत्राने दोष दाखवला म्हणजे रोग पक्का झाला, असेही नाही. तो आलेख डॉक्टरने डोळ्यांनी पाहिला पाहिजे. मुलाने कांदिवलीत व्हॉट्सअॅपवर पाहून ‘काही नाही, झोपा’ म्हणणे हा काही निदानाचा प्रकार नव्हे. खरोखर दोष असेल तर वय, रक्तदाब, साखर बघून रक्त पातळ ठेवणारी गोळी द्यायची का, ते डॉक्टर ठरवतात. शेजाऱ्याला चालते म्हणून अॅस्पिरिन सुरू करू नका. या कामाला ती पुरी पडत नाही, वर रक्तस्राव मात्र होऊ शकतो.

लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन ज्यांच्या काळजाची झडप आखडली आहे, त्यांनी जास्तच जपावे. आपल्या खेड्यांत अशा बायाबापड्या कमी नाहीत आणि त्यांचा ठोका तरुण वयातही बिघडतो. त्यांना बहुधा जुनी, वॉरफरीनसारखीच गोळी लागते, आणि ती घेताना ठरल्या दिवशी रक्ताची आयएनआर तपासणी करावी लागते. नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही म्हणून परस्पर बदल करू नये. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांना जुनीच गोळी सरस ठरली. तेव्हा दवाखान्यात जाताना मोबाईलमधला आलेख, त्याची तारीख-वेळ आणि चालू गोळ्यांची पाकिटे, तिन्ही बरोबर न्यावीत.